सातवं कलम

पहाटे साडेपाच. तिकडे नऊ वाजलेत.
कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर
मी हेडफोन चढवते, ओढणीने लॅपटॉपचा पडदा पुसते
आणि सुनावणी सुरू होते:
देवमाशाच्या व्यापारी शिकारीवरची बंदी
उठवावी की ठेवावी.
जपानीतून इंग्रजीत, इंग्रजीतून जपानीत,
मधे कुठेतरी, कुणाला न कळता, मराठी.

एरवी या वेळी मी चाकणच्या बसची वाट बघते.
तिथे गिअरबॉक्सची खरखर दोन्ही भाषांत समजावते.
तिथली चूक मोजता येते, मायक्रॉनमध्ये.

दुभाष्याचा पहिला नियम,
"ते म्हणतात" असं म्हणायचं नाही.
बोलणारा जो कुणी असेल, तो "मी".
म्हणून सहा वाजता मी म्हणते,
माझे आजोबा हार्पून चालवायचे,
शाळेच्या डब्यात आम्हाला हेच मांस असे,
आमचं ताट शिकवणारे तुम्ही कोण?
आणि सहा वाजून दहा मिनिटांनी, त्याच घशाने,
मी म्हणते, पिल्लू तिच्या कुशीला लागून पोहत होतं.
तिला मरायला वीस मिनिटं लागली.
मी घड्याळ लावून पाहिलं.

दूधवाल्याची बेल. मी म्यूट दाबते.

भाडेकराराचं सातवं कलम:
सदर सदनिकेत मासे-मटण शिजवता येणार नाही.
मी सही केली. पाजपंढरीच्या मुलीने.
आई सुकट पाठवते
तीन पिशव्यांत गुंडाळून, वर "मेतकूट" लिहून.
आणि आज त्याच सदनिकेत
केवढा मोठा फिरतोय,
शेपटी बाल्कनीबाहेर,
खांबेटेकाकांच्या तुळशीला धक्का न लावता.

मासा तरी कसा म्हणू?
देवमासा. देव नाही, मासाही नाही.
त्यांच्या अक्षरातसुद्धा डावीकडे मासाच,
उजवीकडे राजधानी.
दोन्ही भाषा एकाच जागी चुकल्या
याचं मला बरं वाटतं, का ते सांगता येत नाही.

एक वकील म्हणतात, ही बंदी नव्हेच, स्थगिती आहे.
मी दोन्ही शब्द तोलून देते.
बंदी मला ठाऊक आहे.
जून लागला की बापाची होडी वाळूत, झापांखाली,
जाळी आढ्याला. भाषण कुणी करत नाही.
पोटात गाबोळी धरलेल्या मासळीला
पोटुशी लेकीसारखं दोन महिने सोडायचं,
मग नारळ, मग बंदी उठते.
आमच्यात उठणं आणि बसणं शेजारी राहतात.
बंदी उठली की पंगत बसते.
हे मला कुणाच्याच कानात घालता येत नाही,
दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं.

मी नऊ वर्षांची असताना एक आला होता
ओहोटीला, खडकांच्या अलीकडे.
मासे मारूनच आम्हाला वाढवलेल्या बापाने
गोणपाटं भिजवून त्याच्या पाठीवर टाकली, रात्रभर.
"सुकू देऊ नका त्याला," एवढंच बोलला.
सकाळी तो गेला.
कुठे गेला, असं मराठीत विचारत नाहीत.
त्या दिवशी चूल उशिरा पेटली.
दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा समुद्रावर.

यातलं नक्की कुठल्या बाजूला मांडायचं?

साडेआठला अध्यक्ष आभार मानतात.
माझेही. नाव चुकवतात.
घसा खरवडल्यासारखा झालाय,
दिवसभर दोघींशी भांडल्यावर होतो तसा,
आणि त्या दोघीही मीच.

दार उघडते तर काका जिन्यात,
हातात माझी दुधाची पिशवी, मघाशी राहिलेली.
"पहाटेपासून कुणाशी एवढं चाललं होतं?"
देवमाशाबद्दल, मी म्हणते. मारावा की नाही.
काका "मासा" हा शब्द ऐकून
एकदा आत स्वयंपाकघराकडे बघतात.
"मग? काय ठरलं?"
पुढची तारीख.

एकोणीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात
सख्ख्या भावाशी सामाईक जिन्यावरून लढणारे काका
समजुतीने मान हलवतात,
पिशवी माझ्या हातात देतात
आणि म्हणतात, तापव लगेच. नासेल.